चौथा भिडू: टीव्हीतला माहजोंग आणि लबाडीचा जुना संशय

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं थोडी आवरली आहेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्या आहेत.

नव्वदच्या दशकात किंवा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तुमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असेल, तर ‘९९९९ इन १’ छापलेली कॅसेट आठवत असेल. आत खरे खेळ वीस-तीसच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा खेळ, रणगाड्यांचा खेळ. आणि त्या यादीत कुठेतरी ‘माहजोंग’ असायचा. तो लावला की हिरवा पडदा, खाली चिनी अक्षरांच्या चौकोनांची एक रांग, आणि काय करायचं ते सांगणारं कुणी नाही. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने तो अर्ध्या मिनिटात रिसेट केला आहे.

आज त्याच खेळाचा इतिहास बघू. हा खेळ आपल्या घरात मुळात आलाच कसा, जपानमध्ये त्याच्या लाखो प्रती का विकल्या गेल्या, आणि त्याच्याबरोबर आलेला एक प्रश्न आजही आपल्या फोनमध्ये कसा जिवंत आहे. प्रश्न साधा आहे: समोरचं यंत्र लबाडी करतंय का?

आधी एक गैरसमज दूर करू. विंडोज व्हिस्टा किंवा विंडोज ७ वर ‘माहजोंग टायटन्स’ खेळलेल्यांना वाटतं की माहजोंग म्हणजे ढिगातून सारख्या जोड्या शोधून काढायचा एकट्याचा खेळ. तो वेगळा. त्याचा उगम अमेरिकेतला आहे. ब्रॉडी लॉकार्ड हा स्टॅनफर्डचा विद्यार्थी १९७९ मध्ये जिम्नॅस्टिक्सच्या अपघातात मानेखाली लुळा पडला. तोंडात काठी धरून टाइप करत त्याने १९८१ मध्ये ‘प्लेटो’ या संगणक व्यवस्थेवर तो खेळ लिहिला, आणि १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने तो ‘शांघाय’ नावाने बाजारात आणला. गोष्ट मोठी आहे, तिच्यावर स्वतंत्र भाग करू. पण त्यात सोंगट्या तेवढ्या माहजोंगच्या. खेळ दुसराच.

खरा माहजोंग चौघांचा. रमी येत असेल तर अर्धा माहजोंग तुम्हाला येतोच. जपानी पद्धतीत १३६ सोंगट्या: ३४ प्रकार, प्रत्येकाच्या चार. तीन रंग, प्रत्येकात एक ते नऊ. शिवाय चार दिशांचे वारे आणि तीन ड्रॅगन. हातात १३ सोंगट्या. पाळी आली की एक उचलायची, एक टाकायची. चार गट आणि एक जोडी जमली की डाव तुमचा. गट म्हणजे रमीतला सिक्वेन्स किंवा ट्रिपल. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी काही अटींवर उचलता येते. एका सोंगटीची वाट बघत असाल तर हजार गुण पणाला लावून ‘रीच’ असं जाहीर करता येतं. मग मात्र हात बदलता येत नाही.

एक नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्या सोंगटीवर तुमचा डाव पुरा होणार आहे, तीच तुम्ही आधी कधी टाकली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर तुम्हाला जिंकता येत नाही. याला ‘फुरितेन’ म्हणतात. म्हणून टाकलेल्या सोंगट्या प्रत्येकाच्या समोर नीट ओळीत मांडून ठेवतात. आपल्याकडे रमीत टाकलेले पत्ते ढिगाखाली जातात आणि कोणी काय टाकलं हे लक्षात ठेवणाऱ्याचं कौतुक होतं. इथे सगळा पुरावा टेबलावर पडलेला असतो.

खेळ मूळचा चीनचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेला. जपानी साहित्यात त्याचा पहिला उल्लेख १९०९ मधला मानतात, नात्सुमे सोसेकी यांच्या मांचुरियाच्या प्रवासवर्णनात. १९२९ मध्ये जपानी माहजोंग संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले लेखक किकुची कान. अमेरिकेत हा खेळ १९२० च्या दशकात साथीसारखा पसरला. आपल्याकडेही मुंबई-पुण्यातल्या काही क्लबांत आणि लष्कर-नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत माहजोंगचे डाव रंगतात, पण तो तेवढ्याच वर्तुळात राहिला. जपानमध्ये मात्र युद्धानंतर तो नोकरदारांचा खेळ झाला. ऑफिस सुटलं की चौघांनी ‘जानसो’ म्हणजे माहजोंगच्या अड्ड्यावर जायचं, तासाच्या भाड्याने टेबल घ्यायचं, सिगारेटच्या धुरात रात्र काढायची. १९६९ मध्ये आसादा तेत्सुया यांची ‘माजान होरोकी’ ही जुगारी माहजोंगवरची कादंबरी साप्ताहिकातून येऊ लागली आणि खेळाभोवती एक दंतकथाच तयार झाली. तिच्यातले नायक सफाईने सोंगट्या बदलतात, भिंत हवी तशी रचतात. म्हणजे लबाडीची आख्यायिका यंत्र यायच्या आधीपासूनच होती.

पण या खेळाची एक कायमची अडचण आहे. चार माणसं लागतात. पत्ते खेळणाऱ्या कुठल्याही मराठी घराला हे दुःख माहीत आहे: तिघं बसलेत, चटई अंथरली आहे, पत्ते पिसून झालेत आणि चौथा भिडू येत नाही. जपानमध्ये भर म्हणून कायदा. माहजोंगचे अड्डे करमणूक-व्यवसायांवरच्या कडक कायद्याखाली येतात आणि अठरा वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. मग शाळकरी पोराने शिकायचं कुठे? घरी वडील शिकवतील तर, आणि तेही बाकी दोघं जमले तर.

चौथा भिडू म्हणून यंत्र बसवायची कल्पना इथून येते. १९८१ मध्ये ‘जानप्युटर’ नावाचा खेळ आर्केडमध्ये आला. माणूस विरुद्ध संगणक, दोघांचाच माहजोंग. पुढे अशा यंत्रांसाठी खास पॅनेल रूढ झालं. त्यावर ‘ए’ पासून ‘एन’ पर्यंत चौदा बटणं, हातातल्या चौदा सोंगट्यांसाठी एकेक, आणि वर कान, पोन, ची, रीच, रोन यांची वेगळी बटणं. टाइपरायटरच वाटतो तो.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने फॅमिकॉम विकायला काढला, किंमत १४,८०० येन. आणि २७ ऑगस्टला, म्हणजे सहाच आठवड्यांत, ‘माजान’ नावाची कॅसेट आली. निन्टेन्डोसाठी हे काही नवल नव्हतं. ही कंपनी १८८९ मध्ये क्योतोत हानाफुदा पत्ते बनवण्यासाठीच सुरू झाली होती. बैठे खेळ हा तिचा वडिलोपार्जित धंदा. १९८३ मध्येच तिने ‘याकुमान’ नावाचं हातात धरायचं माहजोंगचं यंत्रही काढलं. दोन यंत्रं वायरने जोडून दोघांना खेळता यायचं. पुढे २१ एप्रिल १९८९ ला गेमबॉय आला तेव्हा पहिल्या दिवशीच्या चार खेळांत सुपर मारिओ लँडच्या शेजारी पुन्हा ‘याकुमान’ होताच.

फॅमिकॉमच्या ‘माजान’मध्ये अवघडपणाच्या तीन पातळ्या होत्या आणि समोर एकच संगणक भिडू. त्याच्या २० लाखांहून जास्त प्रती खपल्या. माझा तर्क असा, की ही कॅसेट पोराच्या हट्टाला वडिलांचा होकार मिळवून देत असणार. टीव्ही एकच, आणि पोरं झोपल्यावर तो वडिलांचा.

पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८४ ला, हडसनने बनवलेली दुसरी कॅसेट निन्टेन्डोने आणली. तिच्या नावाचाच अर्थ ‘चौघांचा माहजोंग’. म्हणजे चौघं असणं हीच जाहिरात. पॅड दोनच जोडता यायचे, आणि एकाच पडद्यावर दोन माणसं खेळली तर एकमेकांचा हात दिसणार. म्हणून खेळणारा एक माणूस, बाकी तीन भिडू यंत्राचे.

आणि इथूनच आपली भारतीय कॅसेट. हे खेळ अमेरिकेत कधी विकले गेले नाहीत. पण आपल्याकडे आलेली बहुतेक यंत्रं फॅमिकॉमच्या तैवानी-चिनी नकला होत्या, त्यामुळे त्यांच्यात जपानी खेळ चालायचे. शिवाय नकला करणाऱ्यांना छोटे खेळ सोयीचे. सुरुवातीच्या साध्या कॅसेटमध्ये प्रोग्रामसाठी १६ किंवा ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट, एवढाच पसारा असायचा. असे खेळ एका चिपवर भरपूर मावतात. जपानी नोकरदाराची करमणूक सांगली-सोलापूरच्या हॉलमध्ये पोहोचली ती या हिशोबाने.

आता माझ्या पोटापाण्याच्या विषयाकडे वळतो. हा भिडू चालत कसा असेल?

फॅमिकॉममध्ये कामाची मेमरी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. ऐकून वाटतं, एवढ्यात माहजोंग मावेल कसा? गणित मांडा. पूर्ण भिंत १३६ बाइट. चार हात, प्रत्येकी १४, झाले ५६. टाकलेल्या सोंगट्यांसाठी साधारण शंभर. एकूण तीनशेच्या आत. जागेची अडचण नाहीच. पडद्यावरही, एक सोंगटी १६ ठिपके रुंद धरली तर चौदा सोंगट्यांना २२४ ठिपके लागतात आणि पडदा २५६ चा आहे. बेताने का होईना, हात मावतो.

अडचण वेळेची. प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झचा. टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्रामागे प्रोसेसरला जेमतेम २९,७८० ठोके मिळतात. आता यंत्राला कोणती सोंगटी टाकावी हे शहाणपणाने ठरवायचं आहे. सरळ मार्ग असा: चौदांपैकी प्रत्येक टाकून बघायची, मग पुढे ३४ प्रकारांपैकी प्रत्येक आली तर हात किती सुधारतो ते मोजायचं. चौदा गुणिले चौतीस, ४७६ हात. प्रत्येक हात तपासायला एक चित्रभर वेळ लागला असं धरा. जवळजवळ आठ सेकंद. तीन भिडूंचे चोवीस. प्रत्येक पाळीला चोवीस सेकंद थांबायला कोण तयार होईल?

मग काटछाट करावी लागते. ढोबळ नियम लावायचे: एकटा पडलेला वारा आधी टाका, कडेचे एक आणि नऊ नंतर, मधल्या पाच-सहाला जपा. समोरच्याने रीच केलं असेल तर त्याने स्वतः टाकलेलीच सोंगटी टाका. फुरितेन आठवतंय ना? त्या नियमामुळे ती सोंगटी त्याच्यापुरती शंभर टक्के सुरक्षित. यासाठी ३४ खुणांचं एक कोष्टक पुरतं. म्हणजे प्रामाणिक बचाव अगदी स्वस्तात करता येतो. हा नियम प्रोग्रामरचा मित्रच म्हणायला हवा.

पण त्याहून स्वस्त एक रस्ता आहे. तुमचा हात त्याच दोन किलोबाइटमध्ये पडलेला आहे, यंत्राच्या हातापासून काही बाइटच्या अंतरावर. टेबलावर दुसऱ्याच्या सोंगट्या बघायच्या तर मान वाकडी करावी लागते, कोणी बघेल ही भीती असते. इथे दुसरा पत्ता वाचणं आणि स्वतःचा हात वाचणं यात प्रोसेसरला काडीचा फरक नाही. ‘याला काय हवंय’ याचा अंदाज बांधायला शंभर ओळी लागतील. सरळ बघायला चार. लबाडी ही यंत्राच्या बाबतीत दुष्टपणातून येत नाही. ती आळसातून येते, किंवा डेडलाइनमधून. आमच्या धंद्यात हे दोन्ही मुबलक असतं.

आर्केडमध्ये तर आणखी एक कारण: नाणं. शंभर येनचं नाणं टाकून माणूस तासभर जिंकत बसला तर दुकान चालायचं कसं? म्हणून आर्केड यंत्रांच्या आतल्या बोर्डावर छोटे स्विच असायचे आणि खेळ किती अवघड ठेवायचा हे दुकानदार ठरवायचा. जपानी खेळाडूंमध्ये ‘इकासामा’ म्हणजे फसवणुकीची तक्रार रूढ झाली ती याच यंत्रांवरून. गंमत म्हणजे काही खेळांनी ती तक्रार उघडपणे पोटात घेतली. हातातली सोंगटी बदला, भिंतीत काय आहे ते डोकावून बघा, अशा सोयी ते खेळाडूलाच देऊ लागले. दोघंही लबाड, म्हणजे हिशोब चुकता!

आता दुसरी बाजू. संशय आला म्हणजे लबाडी झाली, असं नसतं. चौघांच्या खेळात सगळे अगदी तोडीस तोड असले, तरी बरोबरीत सुटलेले डाव वगळून तुम्ही चारांतला एकच डाव जिंकणार. उरलेले तीन दुसरे कोणी. खऱ्या टेबलावर ते तिघं वेगवेगळी माणसं असतात: एक काका, एक मित्र, एक साहेब. काका जिंकले तर साहेबांचा राग येत नाही. टीव्हीसमोर मात्र ते तिघं मिळून एकच, ‘ते यंत्र’. आणि यंत्र चारांतले तीन डाव जिंकतंय म्हटल्यावर लबाडीचा वास येणारच. पूर्ण प्रामाणिक प्रोग्राम लिहिला तरी हा आरोप चुकत नाही. उलट मारामारीच्या खेळात हरलो तर बोट चुकलं म्हणतो. इथे नशीब मधे असल्यामुळे दोष द्यायला जागा मोकळी असते. रडीचा डाव नेमका कोणाचा, हे आतून कळत नाही.

मग कळायचं कसं? १९८३ मध्ये घरी बसून कळणं जवळपास अशक्य होतं. आज इम्युलेटरवर ते करता येतं, आणि पद्धत इतकी सोपी आहे की सांगायला हवी. यंत्राची पाळी यायच्या क्षणी खेळ जसाच्या तसा गोठवून साठवा. यंत्र काय टाकतं ते बघा. मग त्याच क्षणाला परत जा, मेमरीत तुमच्या हातातली एक झाकलेली सोंगटी भिंतीच्या टोकाच्या सोंगटीशी बदला आणि पुन्हा चालवा. यंत्राला जे दिसायला नको ते सोडून काहीच बदललेलं नाही. तरीही त्याची चाल बदलली, तर ते बघतंय. शे-दोनशे वेळा करून एकदाही बदलली नाही, तर तुमचा संशय बराच कमी व्हायला हरकत नाही. दुसरी तपासणी भिंतीची: डाव सुरू झाल्यावर उरलेल्या सोंगट्यांचा क्रम मधेच बदलतो का? आणि भिंतच नसेल, प्रत्येक सोंगटी ऐनवेळी ठरत असेल, तर प्रश्न आणखी गंभीर.

पिसण्याचं तर वेगळंच. १३६ सोंगट्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या सुमारे १ वर १८५ शून्यं इतक्या. फॅमिकॉममध्ये यादृच्छिक आकडा देणारा वेगळा भागच नव्हता. प्रोग्रामर छोटं गणित आणि तुम्ही बटण कधी दाबलं याची वेळ यांवर भागवायचे. समजा सुरुवातीचा आकडा १६ बिटांचा आहे. मग भिंती फार तर ६५,५३६. यात लबाडी कोणाचीच नाही, पण ‘नीट पिसलं’ असंही म्हणता येत नाही.

या सगळ्याला उत्तर आलं ते इंटरनेटवर. २००६ मध्ये जपानमध्ये ‘तेन्हो’ नावाची माहजोंगची साइट सुरू झाली. तिथे प्रत्येक डावाच्या नोंदीत पिसण्याचं मूळ बीज दिलेलं असतं, आणि हे बीज वरच्या सगळ्या मांडण्यांना पुरून उरेल इतकं मोठं. ते घेऊन कोणीही घरी तीच भिंत पुन्हा उभी करून पडताळू शकतो. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं सांगण्याऐवजी हिशोबाची वहीच हातात देण्याचा हा प्रकार.

त्याच तेन्होवर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आशियातल्या संशोधकांचा ‘सुफेक्स’ हा प्रोग्राम दहाव्या दानपर्यंत पोहोचला, माणसांविरुद्ध, झाकलेला एकही हात न बघता. त्यांच्या शोधनिबंधानुसार माहजोंगमध्ये खेळाडूला न दिसणाऱ्या शक्यता सरासरी १ वर ४८ शून्यं इतक्या. आणि तो शिकला कसा, ते ऐका. सरावात त्याला आधी सगळ्यांचे हात आणि भिंत उघडी दाखवली. मग हळूहळू ती माहिती काढून घेत गेले, शेवटी फक्त नेहमीच्या खेळाडूला दिसतं तेवढंच उरलं. म्हणजे लबाडी ही शिकवणी, आणि परीक्षा प्रामाणिक. १९८३ च्या प्रोग्रामरला जो मोह टाळावा लागत होता, तोच इथे शिडी म्हणून वापरला आणि वर पोहोचल्यावर काढून घेतला. मला तरी या सगळ्या इतिहासातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

आता तुम्ही म्हणाल, जपानी सोंगट्यांशी आपला काय संबंध? आपल्याकडे गेली काही वर्षं लाखो लोक फोनवर पैसे लावून रमी खेळत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. बंदी योग्य की अयोग्य यावर भांडायला वेगळी जागा आहे. पण त्या काळात एसटीत, कट्ट्यावर ऐकू येणारी तक्रार आठवा: समोर खरा माणूस आहे का? पत्ते खरंच पिसलेत का? माझा हात कोणाला दिसतोय का? तोच चाळीस वर्षांपूर्वीचा संशय, फक्त आता दावणीला पगार बांधलेला. फॅमिकॉमवर हरलं तर झोप जायची, एवढंच.

म्हणून माझं मत सांगतो. यंत्र प्रामाणिक आहे का, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्याकडे बघून सुटत नाही, कारण त्याला चेहराच नाही. हरल्यावरच्या रागावरूनही सुटत नाही. तो सुटतो तपासता आलं तरच. पैसे, कर्ज, परीक्षा, लॉटरी, कुठेही एखादा प्रोग्राम आपल्यासमोर पत्ते वाटत असेल, तर बीज दाखवा म्हणायची सवय आपल्याला लागायला हवी. आणि आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ते न मागता दाखवायला हवं.

तोपर्यंत, जुनी कॅसेट माळ्यावर असेल तर काढा. यादीत माहजोंग दिसला की या वेळी रिसेट करू नका. तीन गट लागले की चौथ्याची वाट बघताना जी धडधड होते, ती चौथा भिडू यंत्र असला तरी खरीच असते. नियमांच्या शंका असतील तर नेहमीसारख्या पाठवा, पुढच्या भागात घेतो. भेटू.